बहिरेपणाचा पत्ता

कान तपासून झाला की समोरचा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो, ‘किती टक्के गेलाय?’ डॉक्टरांच्या चिठ्ठीत तेच विचारलेलं असतं, श्रवणयंत्राच्या दुकानातही तेच. सरकारदरबारीसुद्धा हिशोब आकड्यांचाच आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या वारंवारितांवर 70 डेसिबलची घट असेल तर माणूस ‘बहिरा’, आणि 60 ते 70 च्या दरम्यान असेल तर ‘कमी ऐकू येणारा’. ऑडिओग्रामवर गोल-फुल्या मांडल्या, सरासरी काढली, की फाइल पुढे सरकते. श्रवण मोजण्याच्या या कामात बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत असं झालं आहे की ऑडिओग्रामचा आकडा जितका सहज मिळतो तितकाच तो अर्धवट असतो. आवाज हवेतून निघून मेंदूपर्यंत पोचेपर्यंत त्याला निदान चार-पाच ठाणी लागतात. तो कुठल्या ठाण्यावर अडला याबद्दल आकडा चकार शब्द काढत नाही. एकाच 70 डेसिबलमागे मरून गेलेल्या केशपेशी, म्हणजे आवाजाचं विजेत रूपांतर करणाऱ्या पेशी, असू शकतात, धडधाकट केशपेशी आणि बिघडलेला मज्जातंतू असू शकतो, किंवा दोन्ही ठीक आणि त्यांच्यामधला सांधा निखळलेला असू शकतो. तिघांचा इलाज वेगळा आहे. हे वेगळेपण सर्वांत जवळून दाखवणारी एक जुनी तपासणी आपल्याकडे आहे, अंतर्कर्णातून उठणाऱ्या विजेची नोंद. तिचं लांबलचक नाव इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफी, आणि आमच्या बोलण्यातलं ‘ईकॉग’. आज बहुतेक ठिकाणी ती मागवलीच जात नाही. तिला भलत्याच प्रश्नाला जुंपलं गेलं, त्या प्रश्नात ती नापास झाली, आणि तिचं खरं काम दुर्लक्षित राहिलं, असं माझं म्हणणं आहे.

आधी ही वीज येते कुठून ते पाहू. कॉक्लियाच्या, म्हणजे अंतर्कर्णातल्या शंखाच्या, अडीच वेढ्यांत एका नलिकेत पोटॅशियमने भरलेला द्रव असतो, आणि तो आजूबाजूच्या तुलनेत सुमारे 80 मिलीव्होल्टने धन असतो. केशपेशींच्या आतली बाजू मात्र ऋण असते. शरीरात इतका मोठा विद्युत उतार क्वचितच कुठे सापडतो. आवाजाने पेशींवरचे केस एका बाजूला झुकले की दारं उघडतात, पोटॅशियम आत घुसतं. उलट बाजूला झुकले की दारं मिटतात. त्यामुळे आवाज जसा वरखाली होतो तसाच्या तसा विद्युतप्रवाहही वरखाली होतो. ही पहिली खूण, कॉक्लिअर मायक्रोफोनिक. तिचा मोठा वाटा बाह्य केशपेशींचा असतो. दुसरी खूण म्हणजे आवाज चालू असेपर्यंत एका बाजूला सरकून राहणारी पातळी, समेटिंग पोटेन्शियल, थोडक्यात एसपी. तिसरी खूण केशपेशींची नसून श्रवणतंतूची असते. हजारो तंतू एकाच क्षणी पेटले की जो खळगा उमटतो तो अ‍ॅक्शन पोटेन्शियल, म्हणजे एपी. मोठ्या आवाजाच्या क्लिकनंतर तो साधारण दीड मिलीसेकंदाला दिसतो. माणसाच्या एका कानात आतल्या केशपेशी सुमारे साडेतीन हजार, बाहेरच्या सुमारे 12 हजार आणि तंतू सुमारे 30 हजार. एवढ्या सगळ्यांचा कारभार एका छोट्या रेघेत दिसतो, आणि मुख्य म्हणजे पेशींचा भाग आणि तंतूचा भाग त्या रेघेत वेगवेगळा ओळखता येतो. एरवी त्यांना वेगळं बघायला मृत्यूनंतरचं सूक्ष्मदर्शकच लागतं.

गंमत अशी की या शास्त्राची सुरुवातच दोन भागांची गल्लत होऊन झाली. 1930 साली प्रिन्स्टनमध्ये वीव्हर आणि ब्रे या दोघांनी मांजरीच्या श्रवणतंतूवर इलेक्ट्रोड ठेवला, संदेश वाढवून दूरच्या खोलीतल्या टेलिफोनच्या रिसीव्हरला जोडला, आणि मांजरीच्या कानाशी बोललेले शब्द त्या खोलीत स्वच्छ ऐकू आले. त्यांना वाटलं, तंतू आवाजाची हुबेहूब नक्कल मेंदूकडे पाठवतो. इंग्लंडमध्ये एड्रियनने लगेच शंका काढली की हा आवाज तंतूचा नसावा, कॉक्लियाच मायक्रोफोनसारखी वागत असावी. पुढे सॉल आणि डेव्हिस यांनी दोन्ही संदेश वेगळे करून दाखवले. ही जुनी कथा इथे सांगायचं कारण तिच्यातला तथ्यांश. शब्द स्वच्छ उमटत होते, तरी ते ‘ऐकणं’ नव्हतं. मायक्रोफोनिक केशपेशी शाबूत असल्याचं सांगतं. पुढचा तंतू निकामी असला तरी ते निघत राहतं. त्या मांजरीच्या प्रयोगात जी गल्लत झाली, तीच गल्लत आज प्रसूतिगृहातल्या नवजात तपासणीत रोज होऊ शकते. त्याकडे येतेच.

माणसात ही नोंद पहिल्यांदा 1935 साली स्वीडनमध्ये झाली, पण रुग्णसेवेत ती आली 1967 च्या सुमारास. फ्रान्समध्ये बोर्दोला पोर्टमन आणि आरान यांनी कानाच्या पडद्यातून बारीक सुई घालून ती मधल्या कानाच्या आतल्या भिंतीवर टेकवली, आणि लहान मुलांच्या श्रवणाचा अंदाज बांधायला सुरुवात केली. त्याच सुमारास जपानमध्येही यावर काम झालं. सुईची नोंद उत्तम येई. एपी कुठल्या आवाजापर्यंत टिकतो हे पाहून बऱ्याच अंशी ऐकू येण्याचा खरा उंबरठा सांगता येई. पण मुलाला भूल द्यावी लागे. 1971 साली जुवेट आणि विलिस्टन यांनी डोक्याच्या त्वचेवरून मेंदूदेठाच्या लहरी मिळवून दाखवल्या. आपल्याकडे घराघरांत माहीत असलेली ‘बेरा टेस्ट’ ती हीच. सुई नको, भूल नको, झोपेचं सिरप पुरतं. ‘किती’ या प्रश्नासाठी बेरा सोयीची ठरली आणि सुईचं काम संपलं. हा बदल योग्यच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढच्या अध्यायाबद्दल आहे. हातचं काम गेल्यावर ईकॉगला मेनिएरचा आजार बहाल झाला. या आजारात अंतर्कर्णातला द्रव वाढून पडदे फुगतात. 1938 मध्ये हॉलपाइक आणि केर्न्स यांनी मृत रुग्णांच्या कानात ते पाहिलं होतं. फुगलेल्या पडद्यामुळे एसपी मोठा होतो, म्हणून एसपीला एपीने भागायचं आणि गुणोत्तर ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की मेनिएरचं निदान करायचं, असा रिवाज पडला. चक्कर येणाऱ्या माणसांच्या फायलींत असा एकांडा आकडा वर्षानुवर्षं सापडत असे, शेजारी नोंदीची रेघसुद्धा नसे. मर्यादा कुठे 0.4, कुठे 0.5. रेघ पाहिली तर कळतं की हा आकडा किती नाजूक पायावर उभा आहे. कानाच्या नळीतल्या इलेक्ट्रोडवर एपी समजा 0.50 मायक्रोव्होल्ट आला आणि एसपी 0.18, तर गुणोत्तर 0.36, म्हणजे निरोगी. एसपीच्या खांद्यावर कर्सर केसभर वर ठेवून 0.22 वाचला तर गुणोत्तर 0.44, म्हणजे 0.4 च्या मर्यादेनुसार आजारी. एका मायक्रोव्होल्टच्या शंभरातल्या चार भागांवर माणसाचं निदान ठरायचं, आणि तो खांदा कुठे सुरू होतो यावर दोन अनुभवी तपासनीसांचं एकमत होईलच असं नाही. शिवाय गुणोत्तर वाढायला मेनिएरच लागतो असंही नाही. अर्धवर्तुळाकार नलिकेवरच्या हाडाला भोक पडलेल्या रुग्णांतही ते वाढतं, आणि शस्त्रक्रियेत ते भोक बुजवलं की उतरतं. उलट ज्याला खरोखर मेनिएर आहे त्याची नोंद शांत दिवशी अगदी साधी येऊ शकते. 2015 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत चक्करेचा कालावधी, ऑडिओग्राम आणि कानाच्या तक्रारींतला चढउतार एवढंच राहिलं. ईकॉग त्यात नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा अकादमीने 2020 मध्ये स्पष्टच लिहिलं की मेनिएरच्या निदानासाठी ही तपासणी सरसकट मागवू नये. नागोयातल्या संशोधकांनी 2007 मध्ये गॅडोलिनियम वापरून एमआरआयमध्ये फुगलेला अंतर्कर्ण जिवंत माणसात दाखवल्यावर तर गुणोत्तराची उरलीसुरली गरजही कमी झाली.

इथवर माझं कोणाशी भांडण नाही. पण या निकालातून जो अर्थ काढला गेला, ‘ईकॉग भरवशाची नाही’, तो चुकीचा आहे. भरवशाचं नव्हतं ते गुणोत्तर. दोन लहान संख्यांचा भागाकार करून त्यावर हो-नाही ठरवणं कुठल्याही मोजमापात धोक्याचंच. मायक्रोफोनिक आहे की नाही, तंतूचा प्रतिसाद आहे की नाही, आणि एक असताना दुसरा का नाही, हे प्रश्न वेगळ्या जातीचे आहेत. त्यांना कर्सर केसभर सरकल्याने फरक पडत नाही. ईकॉगची ताकद या प्रश्नांत आहे, आणि त्याचा सर्वांत ठोस पुरावा श्रवणतंतूच्या विसंवादात मिळतो. इंग्रजी नावावरून आम्ही त्याला ‘न्यूरोपॅथी’ म्हणतो. 1996 मध्ये स्टार आणि सहकाऱ्यांनी या रुग्णांचं एकत्र वर्णन केलं. बाह्य केशपेशी काम करतात, कानातून प्रतिध्वनी परत येतो, मायक्रोफोनिक छान उमटतं, पण बेरा सपाट किंवा विस्कटलेली. तंतू पेटतात, पण एकाच वेळी पेटत नाहीत. किंवा पेटतच नाहीत. अशा माणसाला आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. ऑडिओग्राम जवळजवळ चांगल्यापासून पूर्ण बहिरेपणापर्यंत काहीही असू शकतो.

ही मुलं कुठून येतात हे या कामातल्या कोणालाही ठाऊक असतं. बहुतेकांच्या डिस्चार्ज कार्डावर तीच वाक्यं असतात. दिवस भरायच्या आत जन्म, बाळ उशिरा रडलं, कावीळ वाढली, रक्त बदलावं लागलं, एनआयसीयूत काही आठवडे. बिलिरुबिनचा मारा श्रवणतंतू आणि मेंदूदेठावर बसतो, बाह्य केशपेशी बऱ्याचदा त्यातून सुटतात. आता अशा बाळाची तपासणी फक्त ओएई यंत्राने केली, म्हणजे कानातून परत येणारा प्रतिध्वनी टिपला, तर निकाल येतो ‘पास’. मांजरीच्या कानातून शब्द स्वच्छ ऐकू यावेत आणि तंतूचा पत्ता नसावा, तसाच हा प्रकार. आई घरी सांगत राहते की हाक मारली तर बघत नाही, आणि घरातली वडीलधारी माणसं ‘पास’चा कागद दाखवून तिलाच गप्प करतात. म्हणून अमेरिकेतल्या शिशु-श्रवणविषयक संयुक्त समितीने 2007 मध्येच सांगितलं होतं की पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची चाळणी बेरानेच करावी. आपल्याकडे 2013 साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश झाला हे मोठंच पाऊल. पण चाळणीचं यंत्र कोणतं आणि बाळ कोणतं याची सांगड घातली नाही, तर नेमकी ही मुलं जाळीतून निसटतात.

उलट दिशेचा धोका याहून मोठा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. बेरा सपाट आली की अहवालात लिहिलं जातं ‘दोन्ही कानांत अतितीव्र बहिरेपण’, आणि मुलाला ताकदवान श्रवणयंत्र लावून पाठवलं जातं. सपाट बेराचे अर्थ मात्र दोन होतात. एक, केशपेशीच गेल्या आहेत. दोन, केशपेशी आहेत, पुढचा मेळ नाही. दुसऱ्या मुलाच्या शाबूत केशपेशींवर मोठा आवाज आदळत ठेवणं हा इलाज कसा होईल? दोन्ही मुलांची बेरा कागदावर सारखीच दिसते. वेगळं करतं ते मायक्रोफोनिक. आणि इथे बेराच्या यंत्रातली एक छोटी सोय घात करते. क्लिकचा दाब पडद्यावर आधी बाहेर ओढणारा असू शकतो किंवा आत ढकलणारा. बहुतेक ठिकाणी यंत्र आलटूनपालटून दोन्ही देण्यावर लावून ठेवलेलं असतं, कारण त्याने इअरफोनचा विद्युत गोंगाट कापला जातो आणि रेघ देखणी येते. पण मायक्रोफोनिक आवाजाची हुबेहूब नक्कल असल्यामुळे क्लिक उलटी झाली की तेही उलटं होतं, आणि बेरजेत स्वतःलाच पुसून टाकतं. देखण्या रेघेच्या हट्टापायी नेमका हवा तो पुरावाच खोडला जातो.

तो वाचवायचा कसा, हे एकदा पाहण्यासारखं आहे. आधी कानातला मळ काढायचा. मळावर ठेवलेला इलेक्ट्रोड काहीच टिपत नाही. कपाळ आणि कानामागची त्वचा खरखरीत जेलने घासायची, इलेक्ट्रोडचा रोध कमी आणि सगळीकडे सारखा आला पाहिजे. खोलीतली ट्यूबलाइट बंद, कोणाच्या मोबाइलचा चार्जर भिंतीत असेल तर तो काढायचा, अर्थिंग धड आहे ना ते पाहायचं. आपल्या वायरिंगमधला 50 हर्ट्झचा घरघराट बाळाच्या संदेशापेक्षा कितीतरी मोठा असतो. बाळ मांडीवर गाढ झोपलं की आधी एका दिशेच्या क्लिक देऊन सरासरी काढायची, मग दुसऱ्या दिशेच्या, दोन्ही वेगळ्या साठवायच्या. यंत्राच्या पडद्यावर दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या की सुरुवातीच्या काही मिलीसेकंदांत त्या आरशातल्यासारख्या उलटसुलट दिसतात. हे मायक्रोफोनिक असू शकतं. ‘असू शकतं’ म्हणायचं कारण इअरफोनच्या वायरीतून सुटलेली वीजही अशीच उलटसुलट दिसते. म्हणून इन्सर्ट इअरफोनची ती लवचीक नळी चिमटीत दाबून, बाकी काहीही न हलवता, पुन्हा नोंद घ्यायची. नळी दाबली की कानात आवाज जात नाही, पण वायरीतली वीज तशीच असते. रेघेतल्या लाटा टिकल्या तर तो यंत्राचा खोटेपणा. लाटा नाहीशा झाल्या तर त्या खरोखर कॉक्लियातून येत होत्या. नळीमुळे आवाज कानापर्यंत जायला जवळपास एक मिलीसेकंद लागतो, तेवढं अंतर सोडून लाटा सुरू होतात की क्लिकच्याच क्षणी, हाही एक पुरावा. एवढ्या खटाटोपाचा खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

यावर पहिला आक्षेप येतो की हे सगळं ओएईनेही कळतंच. अर्धं खरं आहे. पण प्रतिध्वनीला आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा मधल्या कानातून जावं लागतं, आणि लहान मुलांच्या मधल्या कानात सर्दीने पाणी साठलेलं असणं ही नित्याची गोष्ट आहे. तेव्हा ओएई नाहीशी होते, केशपेशी मात्र जागेवर असतात. शिवाय न्यूरोपॅथीच्या कित्येक मुलांत ओएई वयाबरोबर आपोआप मावळते आणि मायक्रोफोनिक टिकून राहतं. तीन वर्षांचं मूल पहिल्यांदा तपासायला आलं तर ओएई नसण्यावरून केशपेशी गेल्या असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरतं. जर्गर आणि हेझ यांनी 1976 मध्येच मुलांच्या तपासणीसाठी नियम घालून दिला होता की कुठल्याही एका चाचणीच्या निकालावर विसंबू नये, दुसरीने तो पडताळावा. तो नियम सगळ्या अभ्यासक्रमांत पाठ करून घेतला जातो, आणि वेळेची टंचाई आली की सगळ्यांत आधी तोच सोडला जातो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो डॉक्टरांकडून येतो: अडल्याची जागा कळून इलाज बदलतो का? शेवटी श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट, हेच दोन पर्याय. वीस वर्षांपूर्वी हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा होता. आता नाही. इटलीत पाडुआमध्ये सांतारेल्ली यांनी सुईच्या ईकॉगने दाखवलं की न्यूरोपॅथी हा एकच आजार नाही. ओटोफर्लिन नावाच्या प्रथिनाचं जनुक बिघडलेल्या मुलांत केशपेशींची नोंद चांगली असते, पण तंतूच्या टोकदार खळग्याऐवजी एक लांबट, उथळ, संथ उतार दिसतो, म्हणजे केशपेशीपासून तंतूकडे रसायन सुटण्याचा सांधाच बिघडलेला. ओपीए-1 जनुकाच्या दोषात मात्र बिघाड खुद्द तंतूच्या टोकांत असतो. सांध्यातच अडलं असेल तर इम्प्लांट त्याला वळसा घालून थेट तंतूला चेतवतं आणि निकाल छान येतो. तंतूच अगदी बारीक किंवा नसल्यासारखा असेल, तर मायक्रोफोनिक उत्तम असूनही इम्प्लांटचा फायदा बेताचाच. तिथे एमआरआयने तंतू पाहिल्याशिवाय घरच्यांना आशा दाखवणं बरोबर नाही. आणि 2024 च्या सुरुवातीला शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलं की ओटोफर्लिनचा दोष असलेल्या 6 मुलांच्या कानात निरोगी जनुक सोडल्यावर 5 मुलांचं श्रवण सुधारलं. असा इलाज त्याच कानात चालतो ज्याच्या केशपेशी अजून जिवंत आहेत. ‘अतितीव्र बहिरेपण’ एवढंच लिहिलेल्या कागदावरून ते मूल कोणतं, हे कळायला मार्ग नाही.

इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेतही हीच वीज आता कामाला येते आहे. उरलेलं थोडंफार श्रवण वाचवायचं असेल तर इलेक्ट्रोडची तार आत सरकवताना तिच्याच टोकावरून मायक्रोफोनिक टिपत राहतात. संदेश एकाएकी घसरला तर तार आतल्या पडद्याला टेकली असण्याची शक्यता, म्हणून सर्जन थांबतो, किंचित मागे घेतो. घसरणीचं प्रत्येक वेळी तेच कारण असतं असं नाही. तार हव्या त्या स्वराच्या जागेपुढे गेली तरी संदेश उतरतो. अमेरिकेतल्या काही अभ्यासांत शस्त्रक्रियेत तार आत घालण्यापूर्वी कॉक्लियाच्या खिडकीशी मिळालेल्या एकूण प्रतिसादाचा, इम्प्लांटनंतर शब्द किती ओळखता येतात याच्याशी ठळक संबंध दिसला, रुग्णाचं वय किंवा बहिरेपणाची वर्षं यांच्यापेक्षाही ठळक. सपाट ऑडिओग्रामच्या पोटात इतकी विविधता दडलेली असते.

मात्र जिथे पुरावा नाही तिथे मी या तपासणीची वकिली करणार नाही. 2009 मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की तात्पुरत्या वाटणाऱ्या आवाजाच्या माऱ्यानंतर उंबरठा पूर्ववत झाला तरी केशपेशी आणि तंतूंमधले काही ठिकाणचे निम्मे सांधे कायमचे गेले. त्याआधी 1955 मध्येच शुक्नेक्ट आणि वोल्नर यांनी मांजरींत दाखवलं होतं की तंतूंचा बराच मोठा भाग गेला तरी उंबरठा ढळत नाही. ऑडिओग्रामच्या मर्यादेचा याहून स्पष्ट पुरावा नाही. गणपतीच्या दिवसांत ताशाच्या शेजारी तासन्‌तास उभी राहणारी पथकातली मुलं, इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांवरचे कामगार, यांच्यात असंच होत असेल हे वाटणं साहजिक आहे. गोंगाटात शब्द लागत नाहीत पण ऑडिओग्राम सुरेख, अशी तक्रार घेऊन येणारे तरुण आहेतच. 2016 मध्ये लिबरमन यांच्याच गटाने मोठ्या आवाजात वावरणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये एसपी-एपी गुणोत्तर वाढलेलं दाखवलं. पण नंतरच्या माणसांवरच्या अभ्यासांत एकमत झालेलं नाही, आणि ते गुणोत्तर पुन्हा तेच, मेनिएरमध्ये तोंडघशी पडलेलं. त्या तरुणांना कान झाकायला सांगावं. त्यांच्या हातात एका भागाकारावर बेतलेला निदानाचा कागद देऊ नये.

मर्यादा आणखीही आहेत. बाहेरून टिपलेलं मायक्रोफोनिक मुख्यतः कॉक्लियाच्या तळाच्या वेढ्याचं असतं, खालच्या स्वरांच्या टोकाचं त्यातून फारसं कळत नाही. ते मोठं आलं म्हणून ऐकणं चांगलं असं तर मुळीच नाही. आतल्या केशपेशींबद्दल ते जवळजवळ मुकं असतं. मेंदूत काय होतं याचा त्यात पत्ता नाही. मूल हाकेला वळतं का, आईचा आवाज ओळखतं का, हे शेवटी मुलाकडे बघूनच ठरवावं लागतं. सुईचं म्हणाल तर ती थोड्याच मुलांना लागते. बाकीच्यांना कानाच्या नळीतला सोनेरी वर्खाचा फोम किंवा पडद्याला हलकेच टेकवलेली ओलसर कापसाची वात पुरते, आणि मायक्रोफोनिक आहे की नाही एवढ्यासाठी तर कानामागचा नेहमीचा इलेक्ट्रोडही चालतो.

राहिला खर्चाचा आक्षेप, जो जिल्हा रुग्णालयापासून खाजगी क्लिनिकपर्यंत सगळे पुढे करतात. नवीन यंत्र लागत नाही. जिथे बेरा होते तिथे क्लिकची दिशा निवडायची सोय त्याच यंत्राच्या मेनूत असते. सपाट बेरा आलेल्या प्रत्येक मुलात, त्याला झोपेतून उठवायच्या आधी, दोन दिशांच्या दोन नोंदी आणि नळी दाबून तिसरी, एवढं करायचं, आणि अहवालात एक ओळ वाढवायची: मायक्रोफोनिक आहे, नाही, किंवा गोंगाटामुळे सांगता येत नाही. तिन्ही रेघा छापून फाइलला जोडायच्या, म्हणजे पुढच्या गावच्या तपासनीसाला आपल्या शब्दावर विसंबून राहावं लागणार नाही. सिरप दिलेलं बाळ परत झोपवायला अर्धा दिवस जातो, आणि बऱ्याचदा आईवडील कामाचा खाडा करून, दोन एसट्या बदलून आलेले असतात. ते पुन्हा येतीलच याची खात्री नसते, म्हणून या तीन नोंदी त्याच बैठकीत उरकायच्या.